सगळ्याच बिया रात्रभर भिजवायच्या नसतात

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मृग नक्षत्र जवळ आले की पुरवण्यांमधून परसबागेवर मजकूर येऊ लागतो. हे चांगलेच आहे. सांगली-साताऱ्यात घरामागे चार-पाच फूट मोकळी जागा असलेली घरे अजून पुष्कळ आहेत आणि गच्चीवर ड्रम-बादल्या मांडणारेही वाढले आहेत. पण त्या मजकुरात एक वाक्य हमखास असते: 'बिया रात्रभर पाण्यात भिजत घालाव्यात व सकाळी पेराव्यात.' कोणत्या बिया, किती तास, का, याचा पत्ता नसतो. हा नियम चिंचेला चालतो, दोडक्याला चालतो. घेवड्याला तो मारक ठरतो, पपईला त्याचा काही उपयोग नाही, आणि महिनाभर उन्हात वाळवलेल्या जांभळाच्या बीला कितीही भिजवले तरी ती उगवणार नाही, कारण ती आधीच मेलेली असते. मग लोक म्हणतात, आमच्या हाताला गुण नाही. दोष हाताचा नसतो. प्रत्येक बीची रीत वेगळी असते, आणि ती कुणी सांगितलेली नसते. ती नीट छापली जावी म्हणून हे पत्र जरा लांबवून लिहीत आहे.

पहिली गोष्ट म्हणजे बियांच्या दोन जाती ओळखणे. काही बिया वाळवल्या की टिकतात: माठ, राजगिरा, अंबाडी, चवळी, पावटा, शेवगा, हादगा, पपई, सीताफळ, चिंच. काही बिया वाळल्या की मरतात: जांभूळ, फणस, आंबा, कढीपत्ता. शास्त्रात ही विभागणी ई. एच. रॉबर्ट्स यांनी १९७३ मध्ये मांडली. दुसऱ्या गटातल्या बिया झाडावरून पडतात तेव्हाच ओलसर आणि जिवंत हालचालीत असतात, त्यांना झोप नसते. जांभळाची बी साधारण पंधरवडाभर तग धरते, आंब्याची कोय आणि फणसाची आठळी महिनाभर. म्हणून जांभूळ खाल्ले की गर धुऊन त्याच आठवड्यात पिशवीत बी टाकावी. कढीपत्त्याची फळे काळी पडून मऊ झाली की गर चोळून काढावा आणि दोन-चार दिवसांत पेरावे. पुडीत बांधून 'पुढच्या वर्षी लावू' म्हणून ठेवलेली कढीपत्त्याची बी म्हणजे नुसती टरफले.

हीच चूक सध्या बीजगोळ्यांच्या उपक्रमांत मोठ्या प्रमाणावर होताना दिसते. उत्साहाबद्दल शंका नाही. पण मुलांनी गेल्या पावसाळ्यात गोळा केलेल्या जांभळाच्या बिया आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीच्या आंब्याच्या कोयी मातीच्या गोळ्यात घालून कडक उन्हात वाळवल्या, तर जूनमध्ये डोंगरावर फेकली जाते ती फक्त माती. बीजगोळ्यात चिंच, सीताफळ, हादगा चालतील. जांभूळ आणि फणस पिशवीतच रुजवून रोप म्हणून न्यावे.

टिकणाऱ्या बिया ठेवायच्या कशा? बीजशास्त्रज्ञ जेम्स हॅरिंग्टन यांचा एक ठोकताळा फार उपयोगी आहे: बीतला ओलावा एक टक्क्याने कमी केला की तिचे आयुष्य दुप्पट होते, आणि साठवणीचे तापमान पाच अंशांनी कमी केले की पुन्हा दुप्पट. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवाच इतकी दमट असते की कागदाच्या पुडीतली बी हवेतले पाणी ओढून घेते आणि दिवाळीपर्यंत निम्मी मरते. म्हणून बी सावलीत, वाऱ्यावर चार-पाच दिवस वाळवावी, दाताखाली कट्कन तुटली पाहिजे. मग घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेवून तळाशी कोरडे भाजून गार केलेले दोन चमचे तांदूळ फडक्यात बांधून टाकावेत. ते ओलावा ओढतात. बरणी फ्रीजच्या दारात ठेवावी आणि बाहेर काढल्यावर लगेच उघडू नये. गार बरणीत दमट हवा शिरली की बियांवर दव धरते. तासभर तशीच राहू द्यावी. जुन्या घरांतून दोडक्याचे वाळलेले फळ चुलीवर टांगलेले असायचे, मडक्यात राखेत बी पुरलेली असायची, त्यामागे हेच होते.

आता भिजवण्याबद्दल. कडधान्याचे कोरडे दाणे पाण्यात टाकले की पाणी इतक्या वेगाने आत शिरते की पेशी फाटतात, आतले अन्न बाहेर झिरपते आणि भांड्यातले पाणी फेसाळ, गढूळ होते. ते पाणी म्हणजे बीचा डबा रिकामा होणे. शिवाय बुडालेल्या बीला हवा मिळत नाही. कोरेगावच्या वाघ्या घेवड्याला भौगोलिक मानांकन आहे, पण तोच घेवडा रात्रभर भिजवून पेरला तर आतल्या डाळिंब्यांना आडव्या चिरा पडलेल्या दिसतात आणि उगवलेच तरी पहिली पाने अर्धवट, तुटकी येतात. घेवडा, चवळी, पावटा कोरडेच टोकावेत, जमीन वाफशावर असताना. हा 'वाफसा' शब्द शेतकऱ्याला सांगावा लागत नाही, गच्चीवर बाग करणाऱ्याला सांगावा लागतो. मूठभर माती घट्ट दाबावी. बोटांतून पाणी गळता कामा नये, मूठ उघडल्यावर गोळा राहिला पाहिजे आणि अंगठ्याने टोचताच भुसभुशीत फुटला पाहिजे. असा ओलावा असेल तर बी लागेल तेवढेच पाणी लागेल तेवढ्या वेळात घेते. फार कडक ऊन असेल आणि भिजवायचेच असेल तर ओल्या फडक्यात चार-पाच तास गुंडाळावे, बुडवू नये.

याच्या उलट काही शेंगांच्या बियांचे कवच इतके टणक असते की पाणी आत जातच नाही. चौधारी वाल, ज्याला नुसते 'चौधारी' असेही म्हणतात, त्यातला. याच्या कोवळ्या शेंगा, पाने, फुले, वाळलेले दाणे आणि जमिनीतले कंद, सगळे खाता येते आणि दाण्यात प्रथिने भरपूर असतात. तरी आपल्या भागात ही वेल फारशी दिसत नाही. एक कारण हे की दहा बिया लावल्या तर तीन उगवतात. उपाय नेलकटरचा आहे. बीला एका बाजूला पांढुरका डोळा असतो, जिथे ती शेंगेला चिकटलेली होती. अंकुर त्याच्या जवळ असतो, म्हणून डोळ्याच्या विरुद्ध बाजूला कवचाचा अगदी कणभर तुकडा तोडावा. आतला फिकट, सायीसारखा रंग दिसला की थांबावे. मग दहा-बारा तास पाण्यात. ज्या फुगून दुप्पट झाल्या त्या लगेच पेराव्यात, ज्या तशाच खड्यासारख्या राहिल्या त्यांना पुन्हा चीर द्यावी. हादग्याच्या बियांतही काही अशा खडा-बिया निघतात, त्यांना कोमट पाण्यात रात्रभर ठेवले तरी पुरते.

पपईवर जरा थांबतो, कारण घरोघरी लावली जाणारी आणि घरोघरी फसणारी ही एकच गोष्ट आहे. पपईच्या प्रत्येक बीभोवती पारदर्शक बुळबुळीत पिशवी असते आणि तिच्यातच उगवण रोखणारी द्रव्ये असतात. फळाच्या ओलाव्यात बी आतच उगवू नये म्हणून निसर्गाने केलेली ती सोय. नुसते धुऊन ही पिशवी जात नाही. चांगल्या पिकलेल्या फळाच्या मधल्या भागातल्या बिया घ्याव्यात, थोड्या पाण्यात एक-दोन दिवस आंबू द्याव्यात, मग मूठभर राख किंवा वाळू टाकून गोणपाटावर तळव्याने चोळाव्यात. पिशव्या फुटतात आणि खाली सुरकुतलेली, खडबडीत, काळपट बी लागते. बोटांना बुळबुळ लागेनाशी झाली की काम झाले. मग पाण्यात टाकून तरंगणाऱ्या पोकळ बिया काढाव्यात आणि बाकीच्या सावलीत दोन-तीन दिवस वाळवाव्यात. उन्हात नको.

पाच बाय सात इंचांच्या काळ्या पिशवीत, एक सेंटिमीटर खोल, तीन-तीन बिया. पंचवीस ते तीस अंशांच्या उबेत पंधरा-वीस दिवसांत उगवतात. नोव्हेंबर ते जानेवारी सांगलीतसुद्धा रात्री गार असतात. त्या दिवसांत बी महिना-दीड महिना तशीच पडून राहते आणि त्या ओलीत कुजते. म्हणून एप्रिलच्या मध्यावर पन्नास टक्के सावलीच्या जाळीखाली पेरावे, जूनअखेरीस वीतभर रोपे तयार होतात.

पुढचा घोटाळा नर-मादीचा. जुन्या देशी पपईत बी लावल्यावर नर आणि मादी झाडे साधारण निम्मी-निम्मी निघतात आणि फुले येईपर्यंत, म्हणजे पाच-सहा महिने, फरक कळत नाही. बी टोकदार की गोल, मूळ सरळ की फाटलेले, यावरून ओळखण्याच्या युक्त्या सांगितल्या जातात. त्यावर विसंबू नये. दीड फुटाच्या एका खड्ड्यात तीन रोपे टीचभर अंतराने त्रिकोणात लावावीत. लांब दांड्यांवर लोंबणारे बारीक फुलांचे झुपके आले तर ते नर. खोडालगत एकटे, बुडाशी गरगरीत फुगलेले फूल आले तर मादी. मादी ठेवून बाकीची जमिनीलगत कापावीत, उपटू नयेत. उपटताना शेजारच्या मुळ्या तुटतात. गल्लीत दहा झाडांमागे एक नर असला तरी पुरतो. 'रेड लेडी'सारख्या संकरित वाणाच्या फळातली बी लावली तर नर निघत नाहीत, दोन झाडे उभयलिंगी आणि एक मादी अशा प्रमाणात निघतात. फळ अगदी मूळ झाडासारखे येईलच असे नाही, पण घरच्या खाण्याला उत्तम.

लावताना रोप पिशवीत जितके खोल होते तितकेच खोल ठेवावे. बुंध्याला माती चढवून आळे केले आणि त्यात पाणी साचले की खोड जमिनीलगत मऊ पडते, बोट लावले तर साल सुटते आणि झाड एका रात्रीत आडवे होते. काळ्या जमिनीत तर पपई वीतभर उंच वरंब्यावरच लावावी आणि पाणी बुंध्यापासून हातभर लांब गोल चरात द्यावे. मिरज-वाळवा भागात जिथे जमीन क्षारपड झाली आहे तिथे जमिनीत न लावता दोनशे लिटरच्या अर्ध्या कापलेल्या ड्रममध्ये लावलेली बरी.

दुसरे झाड शेवगा. शंभर ग्रॅम ताज्या पानांत तेवढ्याच दुधापेक्षा जास्त कॅल्शियम असते, आणि तरी आपण शेंगा खातो आणि पाला गुरांपुढे टाकतो. फांदी लावण्याची आपली रीत सोपी, पण फांदीच्या झाडाला सोटमूळ नसते. वळवाच्या वाऱ्यात ते मुळासकट पडते. बीचे झाड खोल मूळ धरते. तमिळनाडूतल्या पेरियाकुलमच्या 'पीकेएम-१' या वाणाला सहा-सात महिन्यांत शेंगा येतात. बी याच वर्षीची हवी. दोन वर्षे डब्यात पडलेली बहुतेक उगवत नाही. शेवग्याच्या बियांना तरंगण्याची परीक्षा लावू नये. तिला तीन पंख असतात, कवच पोकळ असते, म्हणून चांगली बीही तरंगते आणि लोक ती फेकून देतात. पंख काढावेत, वाटल्यास सात-आठ तास भिजवावे आणि सहा बाय आठच्या पिशवीत दोन सेंटिमीटर खोल टोकावे. आठ-बारा दिवसांत कोंब दिसतो. रोप फूटभर झाले, साधारण महिना-सव्वा महिन्याने, की जमिनीत जावे. पिशवीत तीन महिने ठेवलेल्या रोपाचे सोटमूळ तळाशी गोल वेटोळे घेते आणि जमिनीत गेल्यावरही सरळ होत नाही. असे झाड दोन-तीन वर्षे दिसायला ठीक दिसते आणि मग वाऱ्यात पडते. उंची तीन फूट झाली की शेंडा खुडावा, नाहीतर शेंगा शिडीशिवाय हाती येणार नाहीत.

शेवगा कधी लावायचा याचे उत्तर दोन्ही जिल्ह्यांत एक नाही. महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, माण-आटपाडीत पाचशेच्या आसपास. जत, आटपाडी, माण, खटाव इथे मृगाच्या पावसावर रोप जमिनीत घालावे, शेवगा तिथल्या हलक्या मुरमाड जमिनीत आनंदाने येतो. पाटण, जावळी, महाबळेश्वरकडे जून-जुलैत लावलेले रोप पाण्यात उभे राहून मुळाशी सडते; तिथे पिशवीतली रोपे छपराखाली ठेवून सप्टेंबरच्या उघडिपीत, उंचवट्यावर लावावीत. सांगली, मिरज, वाळव्याच्या भारी काळ्या जमिनीत खड्ड्याच्या तळाशी वीतभर विटांचे तुकडे किंवा मुरूम हवाच.

फक्त पाल्यासाठी शेवगा हवा असेल तर झाड होऊ द्यायची गरजही नाही. वीस लिटरच्या बादलीत, खाली पाच-सहा भोके पाडून, तीन बिया टोकाव्यात. दोन-अडीच महिन्यांनी गुडघाभर उंचीवर छाटावे. पुढे दर पाच-सहा आठवड्यांनी कोवळा पाला मिळत राहतो. पावसाळ्यात केसाळ अळ्या खोडावर घोळक्याने बसतात. सकाळी लवकर, एकत्र असतानाच, झाडूने साबणाच्या पाण्याच्या बादलीत पाडाव्यात. हात लावू नये, खाज सुटते.

रोपांच्या मातीबद्दल फार लिहीत नाही, पण एक सांगितलेच पाहिजे. आपली काळी माती शेताला सोने आहे, पिशवीत मात्र ती बीची वैरी ठरते. ओली असताना हवा ठेवत नाही, वाळली की तडकते आणि वर पापुद्रा धरते. त्याखाली कोंब वाकडे होऊन अडकतात. एक घमेले पोयट्याची (गाळाची, भुसभुशीत) माती, एक घमेले धुतलेली वाळू आणि एक घमेले पूर्ण कुजलेले, चाळलेले शेणखत किंवा गांडूळखत. अर्धकच्चे शेणखत नको, त्याच्या उष्णतेने मुळ्या होरपळतात आणि हुमणी येते. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, वापरणाऱ्यांनी ते दोनदा पाण्यात भिजवून पिळून घ्यावे, कारण त्यात मिठाचा अंश असतो. पाच किलोची वीट भिजून सत्तर लिटरच्या आसपास होते, एका घराला ती वर्षभर पुरते. बोअरचे पाणी जड असेल तर कुंडीच्या काठावर पांढरी राप चढते आणि रोपांच्या पानांची टोके करपतात. पावसाचे पाणी दोन ड्रम साठवून रोपांसाठी राखावे.

उगवलेली रोपे आठवड्यात कोलमडतात ती बहुधा पाण्याने. ओळखायची खूण अशी: पाने हिरवीगार असतात, पण खोड मातीला टेकते तिथे दोऱ्याने आवळल्यासारखे बारीक, पाणचट होते आणि रोप आडवे पडते. ही बुरशी जादा ओल, दाटी आणि कोंडलेली हवा यावर वाढते. एकदा रोप पडले की ते उठत नाही. बाजूची वाचवण्यासाठी विरळणी करावी, संध्याकाळी पाणी देणे बंद करून सकाळीच द्यावे आणि लिटरभर पाण्यात अडीच ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराइड हे तांब्याचे बुरशीनाशक मिसळून मातीत ओतावे. आधीच खबरदारी घ्यायची असेल तर पेरणीपूर्वी एक किलो गांडूळखतात दहा ग्रॅम ट्रायकोडर्मा ही उपकारक बुरशी मिसळावी. दोन्ही एकदम करू नये, तांब्याचे औषध ट्रायकोडर्मालाही मारक ठरू शकते. हे न सांगता दोन्ही पुड्या एका गिऱ्हाइकाच्या पिशवीत घालणारे विक्रेते आहेत, म्हणून मुद्दाम लिहिले.

आणखी एक बाब, जिच्याकडे आपल्याकडे जवळपास दुर्लक्ष झाले आहे: दिवसाची लांबी. आपल्या भागात जूनमध्ये दिवस तेरा तासांहून थोडा मोठा असतो, डिसेंबरात अकरा तासांच्या आसपास. अंबाडी, पावटा, चौधारी ही दिवस लहान झाल्यावरच फुलणारी पिके आहेत. म्हणूनच पावटा जूनमध्ये लावला काय आणि जुलैअखेर लावला काय, शेंगा थंडीतच येतात आणि भोगीच्या भाजीत पावट्याचे दाणे हक्काने असतात. जूनमध्ये लावलेल्या वेलीला मात्र तोवर मांडवभर वाढायला वेळ मिळतो, म्हणून शेंगा कितीतरी जास्त. सप्टेंबरात लावलेली अंबाडी गुडघाभर असतानाच कळ्या धरते आणि पाल्याची भाजी संपते. वेल रस्त्यावरच्या रात्रभर जळणाऱ्या दिव्याखाली असेल तर उजेडाकडच्या फांद्यांना फुले उशिरा येतात. झाडाला वाटते दिवस अजून मोठाच आहे. ती जागा दुधी-दोडक्याला द्यावी.

याचा संबंध शाळा-अंगणवाड्यांच्या परसबागांशी आहे. २०१८ पासून दर सप्टेंबरात पोषण माह साजरा होतो आणि परसबागांचा उत्साह त्याच महिन्यात असतो. पण आपल्या उष्ण हवेतल्या पौष्टिक पिकांपैकी पावटा, अंबाडी, चौधारी, पपई यांची बी सप्टेंबरात हाती देऊन उपयोग नाही. ती रोहिणी-मृगात मिळाली पाहिजे. सप्टेंबरात द्यायचीच तर राजगिरा, माठ, मेथी, शेवगा ही द्यावीत. हे बदलायला पैसा लागत नाही, फक्त बी वाटपाची तारीख आधी आणावी लागते.

माठ आणि राजगिऱ्याची बी इतकी बारीक की एका ग्रॅममध्ये हजारावर दाणे. एका चमच्यात पाच चमचे बारीक कोरडी वाळू मिसळून फेकावी आणि वर चाळणीने पेराएवढी नव्हे, नखाएवढी माती भुरभुरावी. मुंग्या ही बी पळवतात, वाफ्याच्या कडेने हळद आणि राखेची रेघ ओढावी. तीन-पाच दिवसांत उगवते, चौथ्या आठवड्यात पहिला खुडा. या पालेभाज्यांत ऑक्झालेट हे कॅल्शियमला बांधून ठेवणारे द्रव्य असल्याने त्यातले कॅल्शियम पूर्ण मिळत नाही. मूतखड्याचा त्रास असलेल्यांनी त्या रोज खाऊ नयेत. कागदी लिंबाची बी मात्र फळातून काढून लगेच, न वाळवता लावावी. एका बीतून दोन-तीन कोंब येतात, त्यातले बहुतेक मूळ झाडाचीच नक्कल असतात, म्हणून कलमाविना जातिवंत लिंबू मिळणे शक्य असते. फळाला चार-सहा वर्षे लागतात एवढेच. सीताफळाची बी महिना-दोन महिने ढिम्म राहते, पिशवी फेकून देऊ नये. आवळ्याचा बाठा उन्हात ठेवला की स्वतःच तडकतो आणि आतून सहा बारीक बिया पडतात. अख्खा बाठा पुरला तर वर्ष वाया जाते. हापूसच्या कोयीतून हापूस येत नाही, पण जुलैत उगवलेल्या दहा-पंधरा दिवसांच्या तांबूस रोपावर कोयकलम बांधता येते.

बी विकत घेताना काय पाहायचे? बियाणे कायदा १९६६ प्रमाणे अधिसूचित वाणांच्या पाकिटावर किमान उगवणशक्ती आणि शुद्धता लिहिलेली असली पाहिजे. तपासणीची तारीखही पाहावी. परसबागेसाठी विकल्या जाणाऱ्या रंगीत चित्रांच्या छोट्या पुड्यांवर पुष्कळदा यातले काहीच नसते, आणि दुकानाच्या काचेत उन्हात लटकलेली पुडी एका उन्हाळ्यात निकामी होते. गुलाबी किंवा निळी रंगवलेली बी औषध लावलेली असते. उरली म्हणून उसळीला वापरू नये, कोंबड्यांनाही टाकू नये.

कोणतीही बी जमिनीत घालण्याआधी घरी तपासता येते. वीस बिया मोजून घ्याव्यात. सुती फडके भिजवून घट्ट पिळावे, त्यावर बिया एकमेकींना न चिकटता ओळीत मांडाव्यात, गुंडाळी करून प्लास्टिकच्या पिशवीत सैल बांधावी आणि स्वयंपाकघरात उबेला ठेवावी, उन्हात नाही. दिवसाआड उघडून हवा द्यावी. चवळी-माठ पाच दिवसांत, शेवगा बारा दिवसांत, पपई तीन आठवड्यांत मोजावी. वीसपैकी सोळांना मोड आले तर बी उत्तम, दहांना आले तर दुप्पट पेरावी, पाचांनाच आले तर ती दुकानदाराला फडक्यासकट दाखवावी. मोड आलेल्या बिया टाकू नयेत, मूळ अर्धा इंच असतानाच अलगद पिशवीत लावाव्यात.

आपल्या दैनिकाला विनंती इतकीच की यंदा रोहिणी लागण्याच्या आधी, म्हणजे मेच्या तिसऱ्या आठवड्यात, एका चौकटीत पीकवार माहिती छापावी: बी वाळवावी की ओली लावावी, भिजवावी की नाही, किती खोल, किती दिवसांत उगवते, आणि घाटमाथा, नदीकाठ आणि दुष्काळी तालुके यांना वेगवेगळ्या तारखा. लोक असे कात्रण स्वयंपाकघरातल्या फळीवर चिकटवून ठेवतात. बी विकणाऱ्यांनीही पुडीच्या मागे निदान काढणीचा महिना आणि वर्ष शिक्क्याने उमटवावे. एक रबरी शिक्का पुरतो.

कळावे,
आपला,
एक नियमित वाचक,
विश्रामबाग, सांगली